प्रारंभिक भरणा साहाय्य, पहिल्या पिढीच्या घरमालकांसाठी

घर विकत घेताना किमतीचा जो भाग खरेदीदाराला कर्जाबाहेर, स्वतःच्या शिलकेतून द्यावा लागतो, त्यास प्रारंभिक भरणा किंवा व्यवहाराच्या भाषेत डाउन पेमेंट असे म्हणतात. ज्यांच्या आई-वडिलांच्या मालकीचे घर नाही अथवा मृत्यूसमयी नव्हते, अशा व्यक्तींना ही रक्कम उभी करता यावी म्हणून शासन, बँका किंवा विश्वस्त संस्था जे अनुदान वा सवलतीचे कर्ज देतात, ते पहिल्या पिढीच्या घरमालकांसाठीचे प्रारंभिक भरणा साहाय्य होय. ही कल्पना मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आली. तेथील विधेयकांत व राज्यांच्या योजनांत तिला ठळक स्थान २०२० नंतर मिळाले. परंतु तिची मुळे १९३० नंतर घडलेल्या गृहकर्जव्यवस्थेत आहेत.

घरखरेदीचे दोन अडसर असतात : मासिक हप्ता आणि प्रारंभिक भरणा. हप्ता उत्पन्नातून दिला जातो, भरणा संचितातून. उत्पन्न बहुधा माणूस स्वतः मिळवितो. संचित मात्र पुष्कळदा मागच्या पिढीकडून येते. नियमित पगार असलेली दोन कुटुंबे हप्ता सारख्याच सुलभतेने भरू शकत असली, तरी ज्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांना आपले घर तारण ठेवून वा विकून मुलांच्या हाती काही रक्कम ठेवता येते, तेच कुटुंब आधी घरमालक बनते. म्हणून प्रारंभिक भरण्याचा इतिहास हा एका अर्थी वारशाचा इतिहास ठरतो. हा अडसर शासनाने कोणासाठी, केव्हा आणि किती खाली आणला, यावर पुढील पिढ्यांची सांपत्तिक स्थिती बऱ्याच अंशी अवलंबून राहिली.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात अमेरिकन कामगारांना घरबांधणीसाठी कर्ज मिळण्याचे प्रमुख साधन म्हणजे परस्पर साहाय्यक बचत व कर्ज मंडळ्या. अशी पहिली मंडळी १८३१ मध्ये फिलाडेल्फियाजवळील फ्रँकफर्ड येथे ऑक्सफर्ड प्रॉव्हिडंट बिल्डिंग असोसिएशन या नावाने स्थापन झाली. सभासदांनी दरमहा ठराविक वर्गणी भरावी आणि जमलेल्या निधीतून एकेकाने घरासाठी कर्ज घ्यावे, अशी तिची पद्धत होती. या मंडळ्यांची कर्जे हप्त्याहप्त्याने फिटत. बँका व विमा कंपन्यांची गहाण कर्जे मात्र सामान्यतः तीन ते दहा वर्षांच्या मुदतीची असत. मुदतीत बहुधा केवळ व्याज भरले जाई व मुद्दल अखेरीस एकरकमी द्यावे लागे किंवा कर्जाचे नूतनीकरण करावे लागे. कर्जाची रक्कम घराच्या किमतीच्या साधारणतः निम्म्यापर्यंतच मिळे. म्हणजे ५,००० डॉलरच्या घरासाठी सुमारे २,५०० डॉलर जवळ असावे लागत. ही तफावत भरून काढण्यासाठी अनेकजण अधिक व्याजाचे दुसरे गहाण कर्ज काढीत. सारांश, ज्याच्यापाशी मोठी बचत वा कौटुंबिक आधार नव्हता, त्याला घराची मालकी दुर्लभ होती.

महामंदी व नवी कर्जव्यवस्था : १९२९ नंतरच्या महामंदीत ही व्यवस्था कोसळली. बँका बुडाल्यामुळे मुदत संपलेल्या कर्जांचे नूतनीकरण होईना आणि १९३३ मध्ये दररोज सुमारे एक हजार घरे जप्त होऊ लागली. यावर उपाय म्हणून राष्ट्राध्यक्ष फ्रँक्‌लिन रूझवेल्ट यांच्या शासनाने जून १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन हे महामंडळ स्थापन केले. थकलेली कर्जे विकत घेऊन त्यांचे १५ वर्षांच्या, हप्त्याने फिटणाऱ्या कर्जांत रूपांतर करणे, हे त्याचे कार्य होते. १९३६ पर्यंत त्याने सुमारे १० लाख कर्जांची अशी फेरआखणी केली.

यापेक्षा दूरगामी परिणाम १९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण अधिनियमाचा झाला. या अधिनियमान्वये फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था निर्माण झाली. ही संस्था स्वतः कर्ज देत नाही. बँकेने दिलेल्या कर्जाचा विमा उतरविते. विम्याचा हप्ता कर्जदार भरतो व कर्ज बुडाल्यास बँकेची हानी संस्था भरून देते. धोका शासनाने पत्करल्यामुळे बँका दीर्घ मुदतीची व किमतीच्या मोठ्या भागाइतकी कर्जे देण्यास तयार झाल्या. प्रारंभी ही मर्यादा किमतीच्या ८० टक्के व मुदत २० वर्षे होती. १९३८ च्या दुरुस्तीने अल्प किमतीच्या नव्या घरांसाठी ती ९० टक्के व २५ वर्षे झाली. ५,००० डॉलरच्या घरासाठी लागणारा भरणा अशा रीतीने २,५०० डॉलरवरून १,००० व पुढे ५०० डॉलरपर्यंत उतरला. घरखरेदीचा दरवाजा सामान्य पगारदारासाठी उघडला गेला तो या टप्प्यावर.

मात्र तो सर्वांसाठी उघडला गेला नाही. वरील महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करून वस्त्यांची चार श्रेणींत विभागणी केली होती. सर्वोत्तम वस्त्या हिरव्या, त्यानंतरच्या निळ्या व पिवळ्या आणि सर्वांत धोक्याच्या मानलेल्या तांबड्या रंगाने दाखविलेल्या असत. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळजवळ सर्वत्र तांबड्या रंगात आढळतात. यावरून वस्ती पाहून कर्ज नाकारण्याच्या प्रथेला ‘रेडलायनिंग’ ही संज्ञा पुढे रूढ झाली. महामंडळाची बरीचशी कर्जे नकाशे पूर्ण होण्यापूर्वीच दिली गेली होती व त्यांत कृष्णवर्णीय कर्जदारही होते, असे अलीकडील आर्थिक इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. खरा अपवर्जक परिणाम विमा संस्थेच्या नियमांचा झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या संस्थेच्या १९३८ च्या मूल्यांकन नियमपुस्तिकेत भिन्न वंशाच्या लोकांचा शिरकाव हा घराच्या किमतीस बाधक मानला असून, तो रोखण्यासाठी खरेदीखतात वंशनिर्बंध घालण्याची शिफारस केलेली आहे. या निर्बंधांनुसार घर पुढे कृष्णवर्णीयांना विकण्यास किंवा भाड्याने देण्यास मनाई असे. शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा निर्बंधांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी घटनाबाह्य ठरविली. त्यानंतरही १९५० पर्यंत नव्या निर्बंधांची घरे संस्थेच्या विम्यास पात्र राहिली.

माजी सैनिकांचा कायदा : दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात, २२ जून १९४४ रोजी, परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाचा अधिनियम संमत झाला. तो ‘जी. आय. बिल’ या नावाने प्रसिद्ध आहे. शिक्षण व बेकारभत्त्याबरोबरच त्यात गृहकर्जाच्या हमीची तरतूद होती. हमी प्रथम २,००० डॉलरपर्यंत व १९४५ पासून ४,००० डॉलरपर्यंत असे. हमीची ही रक्कमच जणू प्रारंभिक भरण्याच्या जागी उभी राहिल्याने पुष्कळ माजी सैनिकांना एक डॉलरही न भरता घर घेता आले. प्रारंभिक भरण्यासाठी अमेरिकन शासनाने केलेले हे सर्वांत मोठे साहाय्य होय. पण त्यास कोणी साहाय्य म्हटले नाही, सेवेचा मोबदला म्हटले. १९५५ पर्यंत सुमारे ३३ अब्ज डॉलरची ४३ लाख गृहकर्जे या हमीवर दिली गेली.

न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवर १९४७ मध्ये आकारास येऊ लागलेली लेव्हिटटाउन ही वसाहत या काळाचे प्रतीक मानली जाते. तेथील घरे १९४९ मध्ये ७,९९० डॉलरला विकली गेली व माजी सैनिकांना भरणा माफ होता. तथापि विकसकाने ती केवळ श्वेतवर्णीयांनाच दिली. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद नव्हता. हमी मिळण्यासाठी आधी बँकेचे कर्ज मंजूर व्हावे लागे आणि भेद तेथे होई. मिसिसिपी राज्यातील १३ शहरांच्या १९४७ मधील पाहणीत या कायद्याखाली घर, व्यवसाय व शेती यांसाठी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी केवळ दोन कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळाल्याचे आढळले. १९४० मध्ये अमेरिकेतील ४३·६ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. १९६० मध्ये हे प्रमाण ६१·९ टक्के झाले. त्या वीस वर्षांत घरमालक बनलेल्या कुटुंबांच्या मुलांना पुढे शिक्षणासाठी, व्यवसायासाठी व स्वतःच्या घराच्या भरण्यासाठी वाढत्या किमतीच्या या घरांचा आधार मिळाला. ज्यांना तेव्हा घर मिळाले नाही, त्यांच्या मुलांना तो मिळाला नाही.

वगळलेल्यांची खरेदी : विमा व हमी या दोन्हींपासून दूर राहिलेल्या कुटुंबांनी घरे घेतलीच नाहीत असे नाही. शिकागोसारख्या शहरांत १९५०–६० च्या दशकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय खरेदीदार करारखरेदीच्या मार्गाने घर घेत. सट्टेबाज विक्रेता कमी किमतीला घेतलेले घर पुष्कळ अधिक किमतीला हप्त्याने देई. खरेदीदार प्रारंभिक भरणा करी, दुरुस्ती व कर यांचा भार सोशी. पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घराचे खरेदीखत त्याच्या नावे होत नसे. एखादा हप्ता चुकला, तरी घर व आजवर भरलेली सारी रक्कम जप्त करण्याचा अधिकार विक्रेत्याला असे. तेच घर मग दुसऱ्या कुटुंबाला, नवा भरणा घेऊन, पुन्हा विकले जाई. याविरुद्ध शिकागोच्या लॉनडेल भागातील रहिवाशांनी १९६८ मध्ये काँट्रॅक्ट बायर्स लीग ही संघटना उभारली व हप्ते रोखून धरण्याची चळवळ केली. संघटनेने अनेक करार न्याय्य अटींवर नव्याने करून घेतले. वर्णभेदाच्या मुद्द्यावर केलेले तिचे दावे मात्र न्यायालयात टिकले नाहीत. प्रारंभिक भरणा हा संपत्तीचा पाया ठरतो तो मालकी हक्क हाती आला तरच, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

१९६८ चे कायदे व कलम २३५ : मार्टिन ल्यूथर किंग यांच्या ४ एप्रिल १९६८ रोजी झालेल्या हत्येनंतर एका आठवड्यात, ११ एप्रिल रोजी, घरांची विक्री, भाडे व कर्ज यांतील वर्णभेदास बंदी करणारा कायदा जारी झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमत झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास अधिनियमातील कलम २३५ अन्वये अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना अवघ्या २०० डॉलरच्या भरण्यावर घर घेण्याची सोय झाली. व्याजाचा एक टक्क्यावरील भाग शासन उचलू शके. कर्ज बुडाले, तर भरपाई शासन करणार असल्याने कर्ज देणारे व दलाल यांना घराच्या स्थितीची फिकीर राहिली नाही. मोडकळीस आलेली घरे वरवर रंगवून, मूल्यांकनकारांशी संगनमत करून, चढ्या किमतीस गरीब कुटुंबांच्या गळ्यात मारली गेली. छप्पर, भट्टी व नळ यांच्या दुरुस्तीचा खर्च न पेलल्याने अनेकांनी घरे सोडून दिली. डेट्रॉइटसारख्या शहरांत ओस पडलेल्या घरांची मालकी शासनाकडेच आली. जानेवारी १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अनुदानित गृहयोजना स्थगित केल्या. इतिहासकार कीआंगा-यामाहटा टेलर यांनी आपल्या २०१९ च्या ग्रंथात या प्रकारास ‘लुबाडणारा समावेश’ अशा अर्थाची संज्ञा योजली आहे. भरणा नाममात्र केल्याने दार उघडते. परंतु घराची तपासणी, योग्य किंमत व दुरुस्तीपुरती शिल्लक नसेल, तर कुटुंब आहे त्याहून खाली जाते, हा या योजनेचा धडा होय.

यानंतरचे कायदे मुख्यतः पतपुरवठ्यातील भेदभावाशी निगडित आहेत. १९७४ च्या समान पतसंधी अधिनियमाने लिंग व वैवाहिक स्थिती यांवरून आणि १९७६ च्या दुरुस्तीने वंश, धर्म इत्यादींवरून कर्ज नाकारण्यास बंदी घातली. १९७५ च्या कायद्याने गृहकर्जांची आकडेवारी जाहीर करणे बंधनकारक झाले, तर १९७७ च्या कायद्याने बँकांवर आपल्या परिसरातील सर्व वस्त्यांची पतविषयक गरज भागविण्याचे दायित्व टाकले. या कायद्यांनी पुढील अन्यायास आळा घातला. मागे हुकलेल्या संधीमुळे न जमलेली शिल्लक मात्र त्यांनी भरून निघण्यासारखी नव्हती.

‘प्रथम खरेदीदार’ ही कसोटी : १९९० च्या राष्ट्रीय परवडणारी गृहनिर्मिती अधिनियमाने राज्यांना व शहरांना गृहसाहाय्याकरिता निधी देणारी ‘होम’ योजना सुरू केली व तीतून प्रारंभिक भरण्यासही साहाय्य देता येऊ लागले. प्रथम खरेदीदार म्हणजे मागील तीन वर्षांत ज्याच्या मालकीचे घर नव्हते तो, अशी व्याख्या या कायद्यात केलेली आहे. १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी स्वाक्षरी केलेल्या ‘अमेरिकन ड्रीम डाउनपेमेंट’ अधिनियमाने अशा खरेदीदारांना १०,००० डॉलर किंवा किमतीच्या ६ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिथपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद केली. या कसोटीत एक मूलभूत उणीव होती. ज्याच्या आई-वडिलांनी भरण्याची सर्व रक्कम भेट म्हणून देऊ केली आहे तो तरुण आणि ज्याला स्वतःच्या पगारातून आई-वडिलांचे भाडे भरावे लागते तो तरुण, हे दोघेही सारखेच ‘प्रथम खरेदीदार’ ठरत. मर्यादित निधी ज्याच्यासाठी प्रथम यावा असा, व्यवहार लवकर पुरा करू शकणारा, पहिला तरुणच अनेकदा पुढे राही.

विक्रेत्याच्या पैशावरील साहाय्य : विमा संस्थेच्या नियमांनुसार विक्रेत्याला खरेदीदाराचा भरणा देता येत नसे, धर्मादाय संस्थेकडून देणगी घेणे मात्र चालत असे. १९९७ नंतर यातून एक पळवाट निघाली. धर्मादाय संस्था खरेदीदाराला भरणा देई आणि व्यवहार पूर्ण होताच विक्रेता तितकीच रक्कम व सेवाशुल्क संस्थेला देई. विक्रेता हा खर्च घराच्या किमतीत मिळवी. संघराज्य शासनाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००५ मध्ये केलेल्या पाहणीत अशी घरे तत्सम घरांपेक्षा सुमारे २ ते ३ टक्के अधिक किमतीला विकली गेल्याचे व त्यांवरील कर्जे अधिक प्रमाणात थकल्याचे दिसून आले. म्हणजे खरेदीदाराला जे साहाय्य वाटे, ते वस्तुतः त्याच्याच कर्जात भर घालीत असे. गृहबाजाराच्या पडझडीनंतर संमत झालेल्या जुलै २००८ च्या अधिनियमाने ही प्रथा बंद केली व विमाधारित कर्जांसाठी किमान भरणा ३·५ टक्के ठरविला. त्या पडझडीत व तिच्या पाठोपाठ आलेल्या जप्त्यांत कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या अनेक कुटुंबांनी नुकतीच मिळालेली घरे गमावली. परिणामी पुढील पिढीला आधार देऊ शकणारे घर पुन्हा एकदा हातचे गेले.

‘पहिली पिढी’ ही कसोटी : १९६० मध्ये श्वेतवर्णीय व कृष्णवर्णीय कुटुंबांतील घरमालकीच्या प्रमाणांत सुमारे २७ टक्क्यांचे अंतर होते. भेदभावास बंदी करणाऱ्या कायद्यांना अर्धशतक उलटल्यावर, २०२० नंतरच्या वर्षांत, ते सुमारे २९ टक्के होते. श्वेतवर्णीयांत जवळजवळ तीनचतुर्थांश, तर कृष्णवर्णीयांत निम्म्याहून कमी कुटुंबांच्या मालकीचे घर होते. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीनुसार घरमालक कुटुंबाची मध्यम निव्वळ संपत्ती ३,९६,२०० डॉलर व भाडेकरू कुटुंबाची १०,४०० डॉलर होती. चार लाख डॉलरच्या घराचा ३·५ टक्के भरणाही १४,००० डॉलर होतो. भाडेकरू कुटुंबाची सारी मध्यम संपत्ती त्याहून कमी भरते. पूर्वापार योग्य मानलेला २० टक्के भरणा ८०,००० डॉलर होतो. त्याहून कमी भरणाऱ्यांस सामान्यतः कर्जविम्याचा वेगळा खर्च सोसावा लागत असल्याने ज्याच्याजवळ संचित कमी, त्यालाच घर महाग पडते. वॉशिंग्टन येथील अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात, आई-वडील घरमालक असल्यास तरुणांनी घरमालक होण्याची शक्यता ७ ते ८ टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले.

या पार्श्वभूमीवर ‘पहिली पिढी’ ही कसोटी पुढे आली. आई-वडील पदवीधर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात आधीपासून रूढ होती. गृहक्षेत्रात ती स्वीकारण्यास दोन कारणे होती. एक म्हणजे प्रथम खरेदीदारांतून कौटुंबिक आधार नसलेल्यांना वेगळे काढणे तिच्यामुळे शक्य झाले. दुसरे कारण कायदेशीर आहे. वंशाच्या आधारे शासकीय लाभ देणे अमेरिकन राज्यघटनेच्या समान संरक्षणाच्या तत्त्वामुळे अत्यंत कठीण असून, विद्यापीठ-प्रवेशासंबंधीच्या जून २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते अधिकच कठीण झाले. आई-वडिलांच्या घरमालकीची कसोटी वंशनिरपेक्ष आहे. गरीब श्वेतवर्णीय कुटुंबातील मुलगा किंवा स्थलांतरितांची मुलगीही तीत बसते. परंतु इतिहासात ज्यांना वगळले गेले, त्यांच्या वंशजांचे प्रमाण अशा अर्जदारांत साहजिकच मोठे असते.

कॅलिफोर्नियातील प्रतिनिधी मॅक्झिन वॉटर्स यांनी २०२१ मध्ये याविषयीचे विधेयक काँग्रेसमध्ये मांडले. त्यात अर्जदाराला २०,००० डॉलर आणि सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित असल्यास २५,००० डॉलरपर्यंत साहाय्य सुचविले होते. आई-वडिलांच्या मालकीचे घर नसणे अथवा मृत्यूसमयी नव्हते असणे, ही मुख्य अट होती. अनाथ वा शासकीय संगोपनाखाली वाढलेल्यांनाही पात्र मानले होते. मृत्युपत्राअभावी अनेक वारसांत अविभक्त राहिलेली, निर्वेध हक्क नसलेली मालमत्ता घरमालकी म्हणून धरली जाऊ नये, अशीही तरतूद होती. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबांत अशी मालमत्ता पुष्कळ आढळते व तिच्यावर कर्ज मिळत नाही, हे त्यामागील कारण. या योजनेसाठी १० अब्ज डॉलरची तरतूद असलेले व्यापक विधेयक प्रतिनिधिगृहाने नोव्हेंबर २०२१ मध्ये संमत केले. पण सीनेटमध्ये ते अडले व २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीच्या कायद्यातून ही तरतूद गळाली. २०२४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस यांनी प्रथम खरेदीदारांना २५,००० डॉलरपर्यंत व पहिल्या पिढीच्या खरेदीदारांना अधिक उदार साहाय्य देण्याचे आश्वासन दिले होते; निवडणुकीत त्यांचा पराभव झाला.

राज्यांचे प्रयोग : संघराज्य पातळीवर कायदा न झाल्याने ही कल्पना राज्यांनी व स्थानिक संस्थांनी पुढे नेली. मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये पहिल्या पिढीच्या खरेदीदारांसाठी १० कोटी डॉलरचा निधी मंजूर केला. त्यातून किमतीच्या १० टक्के, पण कमाल ३२,००० डॉलरपर्यंत कर्ज देण्यात येते आणि कुटुंब पाच वर्षे त्या घरात राहिल्यास ते माफ होते. कॅलिफोर्नियाची ‘ड्रीम फॉर ऑल’ योजना मार्च २०२३ मध्ये सर्व प्रथम खरेदीदारांसाठी सुरू झाली तेव्हा सुमारे ३० कोटी डॉलरचा निधी अवघ्या ११ दिवसांत संपला. कागदपत्रे व सल्लागार आधीच तयार असलेल्यांना त्याचा लाभ झाला, अशी टीका झाली. म्हणून २०२४ मध्ये प्रथम येणाऱ्यास प्राधान्य देण्याऐवजी सोडत काढण्यात आली व किमान एक कर्जदार पहिल्या पिढीचा असावा, अशी अट घालण्यात आली. सुमारे १८,००० अर्जदारांतून जवळजवळ १,७०० जणांना संधी मिळाली. या योजनेत किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दीड लाख डॉलर मिळतात. घर विकताना मूळ रकमेबरोबर वाढलेल्या किमतीतील ठराविक हिस्सा परत करावा लागतो व तो पुढील अर्जदारांच्या उपयोगी पडतो. आई-वडिलांच्या मालकीचा विचार येथे अमेरिकेतील घरांपुरताच केला जातो. त्यामुळे आई-वडिलांचे घर पुण्यात असलेला स्थलांतरितही, उत्पन्नमर्यादेत बसत असल्यास, पहिल्या पिढीचा ठरू शकतो.

वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये वेगळा मार्ग पत्करला. तेथील कायदा खरेदीखतांतील जुन्या वंशनिर्बंधांचा थेट उल्लेख करतो. १९६८ च्या कायद्यापूर्वी जे त्या राज्यात राहत होते व भेदभावास बळी पडलेल्या समूहांत मोडत होते, त्यांना व त्यांच्या वंशजांना, उत्पन्नमर्यादेच्या अधीन राहून, साहाय्य देण्याची तरतूद त्यात आहे. त्यासाठीचा पैसा दस्तनोंदणीवरील १०० डॉलरच्या शुल्कातून उभा केला जातो. ज्या नोंदणी कार्यालयांत एके काळी निर्बंध नोंदले गेले, तेथूनच भरपाईचा निधी जमावा, ही योजना अर्थपूर्ण आहे. वंशाचा निर्देश असल्याने तिला न्यायालयात आव्हान देण्यात आले.

साहाय्याचे प्रकार : रूपानुसार या साहाय्याचे मुख्य पाच प्रकार पडतात : (१) परत न करावयाचे अनुदान, (२) ठराविक काळ घरात राहिल्यास क्रमाक्रमाने माफ होणारे दुय्यम कर्ज, (३) घर विकेपर्यंत वा मुख्य कर्ज फिटेपर्यंत परतफेड लांबणीवर टाकलेले बिनव्याजी कर्ज, (४) किमतीच्या वाढीतील वाटा घेणारे कर्ज, (५) अर्जदाराच्या बचतीत भर घालणारी जोडबचत. पहिल्या दोहोंत कुटुंबाकडे अधिक संपत्ती राहते. तिसऱ्या व चौथ्यात निधी फिरता राहून अधिक कुटुंबांना लाभ होतो. बहुतेक योजनांत खरेदीपूर्व मार्गदर्शनाचा वर्ग सक्तीचा असतो. आई-वडिलांच्या नावे घर नसल्याचा पुरावा मिळविणे अवघड असल्याने सामान्यतः अर्जदाराचे प्रतिज्ञापन ग्राह्य धरले जाते.

मूल्यमापन : या साहाय्यावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले जातात. घरांचा पुरवठा वाढल्याखेरीज मागणीस पैसा पुरविल्यास किमती वाढतात व लाभ विक्रेत्यास होतो, हा पहिला. साहाय्य थोड्यांपुरते मर्यादित असल्यास हा परिणाम अल्प राहतो. पण मग ते सोडतीवर अवलंबून राहते, असा पेच येथे आहे. स्वतःची गुंतवणूक अल्प असलेले खरेदीदार संकटात घर लवकर गमावतात, हा दुसरा. कलम २३५ व विक्रेत्याच्या पैशावरील साहाय्य यांचा अनुभव त्यास पुष्टी देतो. तथापि या दोन्ही ठिकाणी दोष अल्प भरण्याइतकाच फुगविलेल्या किमतीचा व सदोष घरांचा होता. भरणा शून्य असलेल्या माजी सैनिकांच्या कर्जांचा इतिहास याच्या उलट आहे. ज्यांच्या आई-वडिलांचे नाममात्र किमतीचे घर आहे वा ज्यांनी ते जप्तीत गमावले आहे, त्यांना ही कसोटी सारखा न्याय देत नाही, हा तिसरा आक्षेप होय. जप्तीत घर गेलेल्यांच्या मुलांना काही योजनांनी पात्र ठरवून त्याचा अंशतः परिहार केला आहे.

घरखरेदीला शासनाने दिलेले पाठबळ ही अमेरिकेत नवी गोष्ट नाही. १९३४ चा विमा व १९४४ ची हमी यांनी कोट्यवधी कुटुंबांचा प्रारंभिक भरणा कमी वा माफ केला आणि त्या कुटुंबांची पुढची पिढी घरमालकाची मुले म्हणून वाढली. पहिल्या पिढीसाठीचे साहाय्य त्याच धोरणाचा उशिरा आलेला, आकाराने फार लहान असा भाग आहे. एका कुटुंबास ते एकदाच द्यावे लागते, कारण घर टिकले, तर त्या घरातील मुले पुढे या योजनेस पात्रच राहत नाहीत. घर टिकते की नाही, यावरच तिचे यश मोजावे लागेल.